वैजू, तो फासा वीसच होता

वैजू,

तुझ्या दहाव्याला मी धसईला आले होते. नदीवरचं सगळं आटोपून माणसं घरी परतली, चहा झाला, आणि रघुनाथ भावजी पडवीत माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "नीताताई, एक इचारू? ती दर रविवारी तुमच्याकडं येऊन करायची काय?"

चार वर्षं तुझ्या या नवऱ्याने तुला मोटारसायकलवरून किन्हवलीमार्गे शहापूरला आणून सोडलं. दहाला सोडायचे, बाजारातली कामं उरकायचे, एकला न्यायला यायचे. या चार वर्षांत त्यांनी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. तूही आपण होऊन सांगितलं नव्हतंस. मी मनात उत्तर जुळवायला लागले आणि जे पहिलं तोंडात आलं तेच बोलून गेले.

"म्हातारा व्हायची."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. दहाव्याच्या दिवशी, सगळ्या भावकीसमोर. आणि हसता हसता त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं, की ते आता हसत नाहीयेत.

नंतर मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. दोन गोष्टी गाळल्या. त्या त्यांना सांगण्याआधी तुला सांगायला हव्या होत्या, आणि ते राहून गेलं.

तू पहिल्यांदा भेटलीस ती माझ्या लॅबच्या खिडकीपाशी. थायरॉइडचा रिपोर्ट न्यायला आली होतीस. माझ्या पेनाच्या डब्यात निळा, वीस बाजूंचा फासा पडलेला होता. तू तो उचललास, उजेडात धरलास. "ही गोळी हाय का खडा?"

मी सांगितलं की हा खेळ आहे. कल्याणला लॅबचा कोर्स करताना होस्टेलवर शिकले, आणि आता रविवारी माझा भाऊ संदेश आणि खालचा मेडिकलवाला कुणाल यांच्याबरोबर खेळते. एक जण गोष्टीतलं जग सांभाळतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात. समोर दरी आहे, काय करता, असं मी विचारायचं. त्यांनी सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा ठरवतो. पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नसतं, मलासुद्धा. जग सांभाळणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात.

"म्हंजे तू मास्तरीण?" तू म्हणालीस. "खरी बाई तर मी हाय. जिल्हा परिषदेची, धसईकडं."

त्याच रविवारी आलीस. कोण व्हायचंय विचारलं तर एक क्षणही न घालवता म्हणालीस, "म्हातारा."

संदेश म्हणाला, "अगं ताई, योद्धा हो, जादूगार हो. म्हातारा काय?"

"घरी मी सून, शाळेत बाई. इथं तरी मला म्हातारा होऊ दे. म्हाताऱ्याला कुनी चहा टाक म्हनत नाय."

असा सोमा जन्माला आला. वय अडुसष्ट, मध काढणारा, डावा गुडघा कामातून गेलेला, दिवसभर तोंडात न पेटवलेली विडी. बोलायच्या आधी तू गुडघ्यावर हात ठेवायचीस, "थांबा रे पोरांनो" म्हणायचीस आणि खरोखर दम लागल्यासारखी थांबायचीस. एकदा खुर्चीवरून उठताना तू असा काही आवाज काढलास की कुणालने धावत येऊन तुझा हात धरला. तू पस्तीस वर्षांची होतीस तेव्हा. किती हसलो होतो आपण त्या दिवशी. आता वाटतं, तुझ्या वाट्याचं जेवढं म्हातारपण होतं तेवढं तू माझ्या जेवणाच्या टेबलावर जगून घेतलंस.

आणि माझं ते पहिलं जग! बर्फाचे डोंगर, दगडी किल्ले, लोकरीचे झगे घातलेले सरदार. सहा वह्या भरून मी ते रचलं होतं. तुम्ही तिघं किल्ल्याच्या दरवाजाशी पोचलात. त्या दरवाजाचं वर्णन करायला मी पाच मिनिटं घेतली. तू शांतपणे ऐकलंस आणि विचारलंस, "एवढ्या बर्फात यांच्या चुली पेटतात कशावर? सरपन कोन आनतं?"

सहा वह्यांमध्ये याचं उत्तर नव्हतं. मी चाचरत म्हटलं, असेल कुणीतरी बाई.

"मग आपन तिला गाठू. सरपनवालीला मागचा रस्ता माहीत असनार."

संदेश आणि कुणाल लढाईच्या तयारीत आले होते. त्या दिवशी एकही तलवार बाहेर निघाली नाही. मोळीवाल्या बाईच्या मागे मागे तुम्ही किल्ल्यात शिरलात, आणि त्या बाईचा नवरा, तिची मुलं, तिचं सरदाराशी असलेलं वैर हे सगळं मला जागच्या जागी सुचत गेलं. मी आयुष्यात इतका चांगला खेळ कधी खेळवला नव्हता. घरी कुणी नसताना मी त्या सहा वह्या माळ्यावर टाकल्या. पुढच्या रविवारपर्यंत आपल्या जगातला बर्फ वितळला होता. तिथे कारवी आली, नाचणीची शेतं आली, आठवडी बाजार आला.

तोवर मी समजत होते, गेम मास्टर म्हणजे गोष्ट सांगणारी. तुझ्यासमोर बसून कळलं, की आपलं काम विचारायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं फार कठीण. समोरची माणसं विचारात पडलेली असतात, खेळ थंड झाल्यासारखा वाटतो, जीभ नुसती वळवळते की काहीतरी सुचवू या. तू एकदा मला टेबलाखालून पाय मारला होतास, आठवतं? कुणाल अडकला होता आणि मी त्याला मदत करायला तोंड उघडलं होतं. नंतर म्हणालीस, "पैलीच्या पोराला मी प्रश्न ईचारते तवा मनात वीस मोजते. तू मोज." तेव्हापासून मी मोजते.

आता पहिली गोष्ट.

पुराचा तो रविवार. दरीवर दोराचा पूल होता आणि पलीकडे जायचं होतं. काठावरचा खांब हलत होता. सोमा म्हणाला, तुम्ही दोघं जा, मी दोर धरून राहतो. संदेश गेला, कुणाल गेला. मग पुराची पाळी. पंधराच्या वर आकडा आला तर खांब उखडणार आणि सोमा त्याच्याबरोबर जाणार, हे आपलं सगळ्यांसमोर ठरलं होतं. तू पाठ ताठ करून बसलीस. विडी तोंडातून काढून टेबलावर ठेवलीस. "टाक गो," म्हणालीस. "म्हातारा तयार हाय."

माझे फासे मी नेहमी उभ्या केलेल्या फायलीच्या आड टाकते. टाकला. वीस आले.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. चार वर्षांचा सोमा. त्याचा गुडघा, त्याची विडी, त्याचं ते "थांबा रे पोरांनो". मी फासा मुठीत घेतला आणि म्हणाले, "चार. पूर ओसरतोय."

पोरं ओरडली, टाळ्या वाजवल्या. तू हलली नाहीस.

"दाखव."

"दाखवायचा नसतो. नियम आहे."

"नीता, किती आले?"

"सांगितलं ना. चार."

बाहेर पायरीवर चपला घालताना तू थांबलीस. "मी तयार होते गो. म्हातारा तयार होता. तू आमाला ईचारलं पन नाय."

"तुझा माणूस वाचला आणि तू तोंड पाडतेस?"

"तो वाचला नाय. तू वाचवलास. मी वर्गात कुनाला फुकट मार्क देत नाय, पोरगं रडलं तरी. त्याचं जे हाय ते त्याचं ऱ्हाऊ दे."

"हा वर्ग नाहीये, वैजू."

भावजींनी हॉर्न वाजवला. तू मागे न बघता गेलीस.

पुढच्या रविवारी तुझा मेसेज आला, "बरं नाय." मी उत्तर दिलं, "ठीक." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला वाटलं, रुसली आहे. संदेश म्हणाला, ताई, फोन तरी कर. मी म्हटलं, तिने करावा. पाच आठवडे मी माझा मान घेऊन बसले. तुला तेव्हा शाळेचा जिना चढताना धाप लागत होती. हिरड्यांतून रक्त येत होतं. रात्रभर ताप असायचा आणि सकाळी तू पोळ्या करून शाळेत जायचीस. हे सगळं मला नंतर भावजींनी सांगितलं. तुझे ते दोन शब्द खरे होते, आणि मी त्यांच्यात टोमणा शोधत राहिले.

दुसरी गोष्ट तुला अर्धी माहीत आहे.

मग एका मंगळवारी सकाळी माझ्यापुढे नळ्यांचा स्टँड आला. तिसऱ्या नळीवर तुझं नाव होतं. मी मान वर करून खिडकीतून बघितलं. तू बाकावर भिंतीला टेकून बसली होतीस, भावजींनी तुझी पर्स धरली होती. तुझ्या हातांवर निळे डाग होते.

मशीनने आकडा दिला. पांढऱ्या पेशी इतक्या, की मी आधी मशीनवरच संशय घेतला. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग एक थेंब काचेवर पसरला, रंगवला, मायक्रोस्कोपखाली ठेवला. वैजू, बारा वर्षं मी काचा बघते. तिथे जे होतं ते ओळखायला मला कुणाला विचारायची गरज नव्हती. मी डोळा तसाच लावून बसले, कारण डोळा काढला असता तर बाहेर यावं लागलं असतं.

बाहेर आले. तू विचारलंस, "काय आलं गो?" पाच आठवड्यांनंतरचं तुझं पहिलं वाक्य.

"काही नाही. रक्त जरा कमी आहे. डॉक्टर सांगतील."

रिपोर्ट डॉक्टरांनीच सांगायचा असतो, हे खरंच आहे. पण मी नियमासाठी बोलले नव्हते, आणि ते तुला दिसलं. तू माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलंस. मग भावजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "चारच आले ना?"

तू माझं मनगट धरून मला बाकावर ओढलंस. "बस. आधी पानी पी." आजारी तू होतीस आणि पाणी मला पाजलंस, स्वतःच्या बाटलीतलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या दिवशी वीस होते, वैजू, आणि आज फार वाईट आलंय. एवढंच. तू ते झेलायला बसलेलीच होतीस. मी दोन्ही वेळा तुला न विचारता ठरवून टाकलं, की तुला झेपणार नाही.

मुंबईच्या कॅन्सरच्या हॉस्पिटलात मी तुला दोनदाच भेटू शकले, तेही मास्क लावून, लांबून. बाकी सगळं फोनवर. दुसऱ्या आठवड्यात दुपारी तुझा फोन आला. आवाज बारीक, पण तोच खट्याळ. "मास्तरीण, न बोलनाऱ्या मानसाला बोलतं कसं करायचं?"

शेजारच्या दोन पलंगांवरच्या बायकांना तू खेळात ओढलं होतंस. फासा नव्हता म्हणून स्टीलच्या वाटीत आकड्यांच्या चिठ्ठ्या. एकीला जमत होतं. दुसरी म्हणायची, तुमीच सांगा बाई, मला काय कळतंय.

मी म्हटलं, "तिला विचार, घरी काय कधीच होता आलं नाही? तेच तिला होऊ दे."

"हे तुला कुनी शिकवलं?"

"एका म्हाताऱ्याने."

मी पलीकडचं सलाइनचं यंत्र वाजताना ऐकत राहिले. मग म्हणालीस, "बरं. ईचारते."

आठवड्याने पुन्हा फोन. "ऐक, हसू नको. आज मी चिठ्ठी बदलली."

"काय?"

"एका बायची चिठ्ठी निघाली, एक. मी सांगितलं, धा. तिचा सकाळीच रिपोर्ट आला होता गो. माझ्याच्यानं एक म्हनवलं नाय."

वैजू, मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं, की मी मूर्खासारखं विचारलं, "म्हणजे मीच बरोबर होते?"

तू हसलीस, हसता हसता खोकलीस, नर्स ओरडल्याचं ऐकू आलं. "असं कोन म्हनतं? तू पन चुकलीस, मी पन चुकले. घरी आले की नीट भांडू."

चौथ्या दिवशी तुला ताप चढला आणि आयसीयूत नेलं. भावजींचा फोन आला तेव्हा मी कुणाचं तरी रक्त घेत होते. ती नळी पूर्ण भरली, चिठ्ठी लावली, त्या माणसाला कापूस दाबून धरायला सांगितला. मग फोन उचलला.

नीट भांडायचं राहिलं. मी काय काय बोलणार होते ते तयार होतं. मी म्हणणार होते, की खेळवणाऱ्याला समोरच्या माणसांवर माया असते, आणि माया असलेल्या माणसाच्या हातात फासा दिला की हे होणारच. तू म्हणाली असतीस, मग माया कर, पन आधी ईचार. त्यावर मला काही सुचलं नसतं. आजही सुचत नाहीये. तरी मला पूर्ण पटलेलंही नाही. तो रविवार पुन्हा आला तर मी काय सांगेन, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. हे सगळं तुझ्यासमोर बोलायचं होतं, तुझं ते डोकं हलवणं बघत.

दहाव्याहून निघताना भावजींनी मला एक नंबर दिला. "वॉर्डातली बाय हाय. सारखी फोन करते. गोष्टीवाल्या बाईंची मैत्रीण पायजे म्हनते."

त्या शेवंताबाई. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला त्यांचा पाडा. दोन इंजेक्शनांच्या मध्ये त्यांना घरी सोडलं होतं. गेल्या रविवारी सकाळी मी गेले. स्टेशनवरून त्यांचा पुतण्या घेऊन गेला. त्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या, डोक्याला रुमाल, अंगावर शाल, मांडीवर वाळवणाची सुपली. मी कोण ते सांगितल्यावर सुपली बाजूला ठेवली.

"तूच ती मास्तरीण? लय नाव काढायची तुझं. भांडकुदळ हाय म्हनायची."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मी कोन झाले व्हते, सांगितलं का तुला?"

नाही म्हटलं.

"मी शाळंत कधी गेले नाय. मला बाईनं ईचारलं, काय व्हायचं ऱ्हाऊन गेलं? मी म्हनले, लिवता वाचता येनारी पोरगी. मग मी ती झाले. पोथ्या वाचायचे, पाट्या वाचायचे, राजाचं पत्र पन वाचलं. चिठ्ठी काढायला पन लावायची नाय मला. म्हनायची, तुला येतंय ना वाचता, मग चिठ्ठी कशाला?"

न बोलणारी बाई ती हीच होती.

"त्या दिशी आमी डोंगर चढून ग्येलो. वर एक धोंडा व्हता, त्याच्यावर अक्षरं कोरलेली. बाई म्हनली, शेवंता, वाच. मी म्हनले, थांबा, नर्स आली, सुई घेते आन् वाचते. सुई झाली तर बाईला थंडी भरून आली. मग तिला नेली ती नेली." त्या माझ्याकडे सरकल्या. "मी रोज ईचार करते. तू तिची मैत्रीण. काय लिवलं व्हतं त्याच्यावर?"

मला शंभर गोष्टी सुचल्या. खजिन्याचा पत्ता, आशीर्वाद, तुझ्याकडून निरोप. तुझ्या तोंडी काहीही घालता आलं असतं आणि शेवंताबाईंनी ते जन्मभर जपलं असतं.

"मला माहीत नाही, शेवंताबाई," मी म्हटलं. "तिने मला सांगितलं नव्हतं."

त्यांचा चेहरा उतरला. मग मी विचारलं, "पण तुम्ही तिथे उभ्या आहात. वाचता तुम्हाला येतं. काय लिहिलंय?"

मी मनात वीस मोजायला लागले. कोंबड्या अंगणभर फिरत होत्या, पुतण्या दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. माझं मोजणं कधीच संपलं होतं. मग शेवंताबाईंनी शालीतून हात बाहेर काढला, बोट हवेत टेकवलं आणि डावीकडून उजवीकडे, एकेका अक्षरावर थांबत, ते सरकवायला लागल्या.

"खाली... पानी हाय. बसा. पिऊन... मग जावा."

बोट खाली आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर वाचलं का गो?"

"बरोबर."

"मग ठीक."

मी डोळे पुसले आणि विचारलं, "शेवंताबाई, आता काय करता?"

"उतरते," त्या म्हणाल्या. "दमादमानं."

आम्ही दोघी उतरलो, वैजू.